म्हाताऱ्यांचं क्रीम : एका खरमरीत प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू. ‘हे पेन्शनरांचं स्नेहसंमेलन आहे आणि तुम्ही दारात गुलाबपाणी शिंपडताय’ हे वाक्य इतकं झकास जमलंय की पुढेमागे मी ते स्वतःच्या नावावर खपवीन. क्रीम या साठच्या दशकातल्या ब्रिटिश रॉक त्रिकुटाने (गिटारवर एरिक क्लॅप्टन, बेस आणि गायनाला जॅक ब्रूस, ड्रमवर जिंजर बेकर) २००५ साली पुन्हा एकत्र येऊन लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये केलेल्या मैफलींच्या अल्बमवर मी लिहिलेला लेख तुम्हाला भाबडा वाटला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : वाजवणं संथ आणि थंड आहे, ‘क्रॉसरोड्स’ या गाण्याची तर बैलगाडी झालीय; चार रात्रींतले बरे तुकडे निवडून शिवलेल्या गोधडीला ‘लाइव्ह’ म्हणणं ही फसवणूक आहे; सगळा खटाटोप पैशासाठी होता; आणि ‘बॅज’ या गाण्याबद्दल मी चक्क चुकीचं लिहिलंय. उत्तर लांबलंय. चहा घेऊन बसा.

आधी चूक. ‘बॅज’ ऐकताना १९६८ सालचा त्यांचा मंच डोळ्यांसमोर येतो, असं मी लिहिलं होतं. येणार कुठून? ते गाणं आलं १९६९ च्या ‘गुडबाय’ या अल्बमवर, बॅण्ड मोडल्यानंतर, आणि २००५ पर्यंत या तिघांनी ते लोकांसमोर कधी वाजवलंच नव्हतं. ‘प्रेस्ड रॅट अँड वॉर्टहॉग’चंही तेच. लेखात दुरुस्ती केली आहे, तुमचे आभार. फक्त एक लक्षात घ्या, ही चूक काढून तुम्ही तुमच्याच ‘जुन्या आठवणींचा बाजार’ या आरोपाला भोक पाडलंत. जे मंचावर कधी वाजलंच नाही त्याची आठवण कोण विकणार? (बाकी ‘प्रेस्ड रॅट’ हे दुकान बंद करून निघून गेलेल्या दोघांचं गाणं. सदतीस वर्षांनी दुकान पुन्हा उघडल्यावर जिंजर बेकरने ते आपल्या घोगऱ्या लंडनी आवाजात म्हणायचं, यातली गंमत बेकरला कळली नसेल असं मला वाटत नाही.)

पैशाचं म्हणाल तर मिळाले असणारच, आणि मिळायलाच हवे होते. जॅक ब्रूसचं २००३ साली यकृत बदललं, शरीराने ते आधी नाकारलं, माणूस मरता मरता वाचला. बेकरला संधिवाताने धरलेलं. क्रीमची स्वतःची गाणी बहुतेक ब्रूस आणि कवी पीट ब्राउन यांच्या नावावर, त्यामुळे मानधनाचा ओघही तिकडेच. बेकरने त्याबद्दल आयुष्यभर कुरकुर केली. पोटासाठी वाजवलेलं ते हलकं असा नियम लावला तर लावणीपासून लग्नाच्या बॅण्डपर्यंत आपल्याकडे काय शिल्लक राहील? हा मुद्दा मी इथेच सोडतो.

गोधडीचा मुद्दा मात्र रास्त आहे. पण ती शिवण कुणी लपवलेली नाही, अल्बमच्या नावातच चारही तारखा आहेत : मे महिन्याची २, ३, ५ आणि ६. ‘स्लीपी टाइम टाइम’ तर दोनदा ठेवलंय. आता क्रीमच्याच, तुमच्या लाडक्या ‘व्हील्स ऑफ फायर’ अल्बमकडे या. ‘खरं लाइव्ह म्हणजे हे’ असं तुम्ही ज्याच्याबद्दल लिहिलंय त्या १९६८ च्या तबकडीवर छापलंय ‘लाइव्ह ॲट द फिलमोर’. त्यातल्या चार गाण्यांपैकी फिलमोरमध्ये ध्वनिमुद्रित झालेलं एकटं ‘टोड’. ‘क्रॉसरोड्स’, ‘स्पूनफुल’ आणि ‘ट्रेनटाइम’ ही विंटरलँडमधली. गाव तेच, सॅन फ्रान्सिस्को. महिना तोच, मार्च. पण सभागृह वेगळं. म्हणजे गोधडी तीही आहे, वर नावपण खोटं! लाइव्ह अल्बम कुणीतरी निवडून, जुळवून, पुसूनच आपल्यापर्यंत पोचवतो. कॉलेजात असताना मित्राकडून भरून घेतलेल्या कॅसेटवर मी ती चार गाणी ऐकली तेव्हा हे ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक झाल्यावरही त्या ‘क्रॉसरोड्स’ची नशा कमी झालेली नाही.

आता संथपणा. यावर मला खरं बोलायचं होतं आणि लेखात मी ते नीट मांडलं नाही.

मी पाच वर्षं पुण्यात ढोल पथकात वाजवलंय. लक्ष्मी रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या इमारतींमधून आवाज परत अंगावर येतो, तेव्हा शेजारचा काय वाजवतोय ते ऐकू येत नाही; पुष्कळदा आपला स्वतःचा ढोलही ऐकू येत नाही. ताशा कानात धरायचा आणि हात चालवायचा. अंगावर काटा येतो, रात्री झोप लागत नाही, सगळं खरं. पण त्यात संवाद नसतो. कुणी चार टोले चुकवले तर कळत नाही.

क्रीमचं १९६८ मध्ये नेमकं हेच झालं होतं. क्लॅप्टन आणि ब्रूसच्या पाठीमागे मार्शलच्या ॲम्प्लिफायरच्या भिंती. मंचावरच्या माणसाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून समोर मॉनिटर ठेवायची पद्धत अजून रुळायची होती. बेकर बिचारा दोन बेस ड्रम घेऊन त्या भिंतींशी हातापायांनी झुंजत होता. कान कायमचे गेले ते त्यात, असं तो पुढे सांगायचा. क्लॅप्टनने सांगितलेला किस्सा तुम्हाला माहीत असेलच : एकदा चालू गाण्यात तो मुद्दाम वाजवायचा थांबला आणि बाकीच्या दोघांच्या लक्षातही आलं नाही. तिघांतला एक गप्प झाला तरी दोघांना पत्ता नाही! ‘आग, आग’ म्हणून तुम्ही ज्याची आठवण काढताय त्या आगीत हेही होतं.

आणि तो अल्बर्ट हॉल. १८७१ साली उघडलेलं, घुमटाखालचं हे अवाढव्य सभागृह त्याच्या प्रतिध्वनीसाठी बदनाम होतं. ब्रिटिश संगीतकाराला आपली रचना दोनदा ऐकायला मिळेल अशी खात्रीची ही एकच जागा, अशी जुनी थट्टा आहे. छताखाली फायबरग्लासच्या मोठमोठ्या तबकड्या टांगून हा घुमारा आटोक्यात आणला तो १९६९ साली. क्रीमची निरोपाची मैफल इथेच झाली २६ नोव्हेंबर १९६८ ला, म्हणजे त्याच्या आधी. त्या रात्रीचं बीबीसीचं चित्रण बघा, म्हणजे बघवलं तर बघा. आवाजाचा चिखल, वर निवेदक मध्येच तोंड घालतो. तिथून सदतीस वर्षांनी तेच तिघे त्याच मंचावर येतात, डोक्यावर आता तबकड्या टांगलेल्या, आणि मागे भिंतींऐवजी मोजके ॲम्प्लिफायर.

‘स्पूनफुल’पासून ऐका. विंटरलँडचं ‘स्पूनफुल’ सोळा मिनिटांच्या वर जातं, तिघेही एकाच वेळी एकल वादन करत असल्यासारखे. २००५ चं त्याच्या निम्म्याहून कमी. क्लॅप्टन एक वाक्य वाजवतो आणि थांबतो. त्या मोकळ्या जागेत ब्रूसचा बेस येतो, बेकर झांजेवर नुसता एक थेंब टाकतो. ब्रूस ग्लासगोत चेलो शिकलेला, बेकर मुळात जॅझवाला. क्रीम ही खरं तर जॅझ कंपनी होती, फक्त हे आम्ही एरिकला सांगितलं नव्हतं, अशा अर्थाची ब्रूसची एक थट्टा आहे. १९६८ च्या गदारोळात ती थट्टाच वाटते. २००५ मध्ये पटते.

‘क्रॉसरोड्स’ची बैलगाडी? मान्य, लय उतरली आहे. पण रॉबर्ट जॉन्सनने १९३६ साली एकट्या गिटारवर गायलेलं मूळ गाणं ऐका. रात्र पडत चाललीय, चौकात उभा आहे, कुणी गाडी थांबवत नाही, अशी त्या माणसाची तऱ्हा आहे. १९६८ चं क्रीम त्या चौकातून सुसाट निघून जातं. २००५ चं थोडं रेंगाळतं. तुम्हाला वेग हवा, मला चौक. इथे आपलं जमणार नाही.

जिथे तुम्ही बरोबर आहात तेही सांगतो. क्लॅप्टनने स्ट्रॅटोकास्टर गिटार आणायला नको होती. तिचा आवाज स्वच्छ, धुतलेला. ‘व्हाइट रूम’मध्ये गिब्सन गिटारचा तो जाड, चावरा आवाज हवाच, त्याशिवाय गाणं दात काढून ठेवल्यासारखं वाटतं. ‘सनशाइन ऑफ युअर लव्ह’ अगदीच उरकल्यासारखं. ‘टोड’ मी स्वतः दरवेळी पुढे ढकलतो. बेकरच्या हातांबद्दल आदर ठेवूनही दहा मिनिटं ड्रम एकट्याने ऐकणं माझ्याच्याने होत नाही, तेव्हाही होत नव्हतं.

पण ‘वी आर गोइंग राँग’वर तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही, आणि माझा अर्धा लेख त्या गाण्यावर होता. १९६७ चं गाणं. बेकर काठ्यांऐवजी मऊ डोक्याच्या दांड्यांनी ड्रमवर गोल गोल फिरत राहतो, दूर कुठेतरी पाऊस चालल्यासारखा, आणि त्यावर ब्रूसचा आवाज. एकसष्ट वर्षांचा, मरणाच्या दारातून परत आलेला माणूस, आवाज वर चढवताना कापतो, तुटेल असं वाटतं आणि तुटत नाही. बेकर त्याच्यासाठी जागा करतो. हे दोघे कोण? क्रीमच्या आधी ग्रॅहम बॉण्डच्या बॅण्डमध्ये असताना बेकरने ब्रूसला हाकललं होतं, आणि तरी तो वाजवायला येतच राहिला म्हणून त्याच्यावर सुरा काढला होता. क्रीम काढायचं ठरलं तेव्हा ‘ब्रूस असेल तरच मी’ असं क्लॅप्टन म्हणाला, ते ऐकून गाडी चालवत असलेल्या बेकरच्या हातून अपघात होता होता राहिला. अशा माणसाने अशा माणसाखाली इतका हलका हात ठेवणं मी १९६८ च्या कुठल्याही ध्वनिमुद्रणात ऐकलेलं नाही. तुम्ही ऐकलं असेल तर कळवा, मी त्याच दिवशी ऐकीन.

तुम्ही शेवटी टोमणा मारलाय, ‘एवढं छान जमलं होतं तर पुढे काय झालं?’ पुढे त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तीन रात्री झाल्या आणि भांडण पुन्हा उकरलं गेलं. विषय? आवाज कुणाचा मोठा! तिथून परत हे तिघे एकत्र वाजले नाहीत. ब्रूस २०१४ च्या ऑक्टोबरात गेला, बेकर २०१९ च्या. म्हणजे एकमेकांना ऐकण्याची ही सवय लंडनमध्ये चार रात्री टिकली, बस्स. तुम्हाला यात माझा पराभव दिसतोय. मला त्या चार तारखा अल्बमच्या नावात का घातल्या असाव्यात ते दिसतं.

राहता राहिला तुमचा व्यवहारातला प्रश्न : दोन सीडींचा संच घ्यावा की डीव्हीडी शोधावी? डीव्हीडी शोधा. माझी काळा घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाउस’मधून घेतलेली, ते दुकानही २०१६ साली बंद झालं, तेव्हा जुन्या बाजारातच मिळाली तर मिळेल. ती लावल्यावर ‘स्टॉर्मी मंडे’च्या वेळी क्लॅप्टनकडे बघू नका, सगळे तेच करतात. बेकरकडे बघा. एकल वादन रंगात येतं तेव्हा तो मान वळवून गिटारकडे कान लावतो. नाही दिसलं तर पुन्हा लिहा, खरमरीतच लिहा.