तुकडा कापला त्याच दिवशी ठरवा

गेल्या आठवड्यात शिवणातून उरलेल्या कापडाच्या तुकड्यांच्या तिन्ही पिशव्या जमिनीवर ओतल्या आणि दोन दिवस त्या ढिगातच बसून होते. जे शिवतात त्यांना वेगळं सांगायला नको. फ्रॉकमधून उरलेलं, अभ्र्यातून उरलेलं, पडद्याची वरची पट्टी, कुणीतरी दिलेला कटपीस. सगळं "लागेल कधीतरी" म्हणून आत सरकवलेलं.

आधी वाटलं होतं, आकाराने निवडू. मोठं ठेवायचं, बारीक टाकायचं. अर्ध्या तासात कळलं की मी अडतेय ती आकारावर नाही. दर दुसरा तुकडा हातात घेतला की प्रश्नच पडत होते. हे सुती आहे की मिक्स? धुऊन घेतलेलं की कोरं? रंग पक्का आहे का? नव्या कापडाचं आहे की जुन्या कपड्याचं? ज्या दिवशी कापलं त्या दिवशी मला हे सगळं माहीत होतं. पिशवीत कापड राहिलं, माहिती गेली.

आणि माहिती नसलेला तुकडा गोधडीत घालणं किती महागात पडतं ते मी भोगलंय. एका बाळासाठी पांढऱ्या आणि लाल चौकोनांची गोधडी केली होती. पांढरं नवं घेतलं, लाल पिशवीतलं. हाताने धावदोरा घालायला दीड महिना लागला. पहिल्याच धुण्यात लालच्या भोवतीचं सगळं पांढरं गुलाबी झालं, तेही डागाडागांनी. चौकोन उसवून बदलायचे तर वरचे टाकेही उसवायला हवेत. मी खूप रडले त्या दिवशी. लाल कापड वाईट नव्हतं, ते आधी वेगळं धुवायचं राहिलं होतं एवढंच. आता गडद लाल, निळं, काळं काहीही असलं की ओलं करून पांढऱ्या फडक्यावर ठेवते आणि वरून इस्त्री दाबते. फडक्यावर रंग उतरला की तो तुकडा पुन्हा धुवायचा. दोन-तीन धुण्यांनंतरही उतरतच असेल तर गोधडीत नको, त्याच्याविषयी माझं मत पक्कं आहे.

सुती की मिक्स हे बोटांना कळतं असं पुष्कळजणी म्हणतात. मला नेहमी कळत नाही. मी धागा जाळून बघते. धातूच्या ताटलीत, चिमट्यात धरून. आणि एक धागा उभा, एक आडवा, असे दोन्ही काढायचे, कारण दोन्ही दिशांचे धागे वेगवेगळे असू शकतात. सुती धागा कागदासारखा जळतो, वास कागदाचा, राख मऊ. पॉलिस्टर वितळून आक्रसतं आणि टोकाला कडक मणी उरतो. दोन्ही झालं तर मिक्स. हा खटाटोप कशासाठी, तर सुती कापडाला लागते तेवढी इस्त्री तापवली की पातळ सिंथेटिक कापड शेजारीच आक्रसतं, आणि धुतल्यावर दोन्ही सारखी आटत नाहीत. मग शिवण सरळ घातलेली असूनही चुण्या पडतात आणि दोष शिवणाऱ्याला लागतो.

आकाराचं मात्र गणित साधं आहे. दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच शिलाईत जातं. २.५ इंचांचा चौकोन शेवटी २ इंच दिसतो, आणि असे ९, तीन-तीनच्या ओळींत, जोडले की ६ इंचांचा ठोकळा, म्हणजे गोधडीचा एक मोठा चौकोन, होतो. १.५ इंचांची पट्टी १ इंच दिसते. १ इंचाच्या पट्टीत तर जेवढं दिसतं तेवढंच आत दडतं. त्यामुळे माझी मर्यादा १.५ इंच. त्याहून बारीक तुकडे कागदावर किंवा पातळ सुती कापडावर एकाला एक जोडत नेऊन ज्या बायका सुंदर गोधड्या करतात, त्यांनी जरूर ठेवावेत. मला ते काम जमतं, पण त्यात जीव रमत नाही, आणि न रमणाऱ्या कामासाठी डबे भरून ठेवणं मी थांबवलंय.

जुन्या कपड्यांचं वेगळं. उजेडासमोर धरून बघा. कोपर, गुडघा, बसायची जागा इथलं कापड चाळणीसारखं दिसतं. ते नव्या कापडाशेजारी जोडलं तर पहिलं तेच फाटतं, तेही शिवणीलगत. चांगला भाग कापून घ्या, बाकीची पुसणी करा.

दोन सल्ले सगळीकडे ऐकू येतात आणि मला दोन्ही मान्य नाहीत. एक, वर्षभर वापरलं नाही ते टाका. अहो, स्वच्छ सुती कापड कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवलं तर वर्षात त्याचं काय बिघडणार आहे? गोधडीचे रंग जुळायला चार-चार वर्षं लागतात. (खळ घातलेलं मात्र धुऊन ठेवा, कसर लागते. लोकरीचे तुकडे वेगळे ठेवा.) दुसरा सल्ला, सगळ्या चिंध्या उशीत भरा. ती उशी दगडासारखी जड होते, गोळे होतात आणि धुतली तर आतून वाळत नाही. भरायच्याच असतील तर अगदी बारीक कातरून, बैठकीच्या गादीत.

आणि आपल्याला नको ते "कुणालातरी उपयोगी पडेल" म्हणून पिशवी भरून दुसरीच्या हातात देऊ नका, ही कळकळीची विनंती. देताना धुऊन, इस्त्री करून, काय आहे ते चिठ्ठीवर लिहून द्या. तेवढं करावंसं वाटत नसेल तर ते द्यायच्या लायकीचं नाही.

बाकी सामान पटकन झालं. जुन्या रिळाचा दोरा हाताने झटका देऊन तुटला की गेला. सैल इलॅस्टिक गेलं. बटणं, चेन ठेवल्या. वॅडिंगच्या (गोधडीच्या आत घालायच्या मऊ थराच्या) पट्ट्या कडेला कड लावून झिगझॅगने जोडल्या, एकावर एक न चढवता, म्हणजे उंचवटा येत नाही.

सगळ्यात जास्त वेळ लागला चुकलेल्या कामांना. तळाशी रेशमासारख्या मऊ, सुती निळ्या कापडाच्या दोन अर्ध्या बाह्या होत्या. दोन्ही एकाच हाताच्या कापल्या गेल्या होत्या, जास्तीचं कापड नव्हतं, म्हणून तो कपडा शिवायचाच राहिला. ११ वर्षं त्या मी जपल्या, कारण टाकणं म्हणजे चूक कबूल करणं वाटायचं. या वेळी दुमडलेल्या कडा उसवल्या, पाणी शिंपडून इस्त्री केली आणि उभा धागा बघून मोजपट्टी ठेवली. २.५ इंचांचे १८ चौकोन निघाले. खांद्याकडची गोलाई उरेबात, म्हणजे धाग्याला तिरकी, जात होती, ती सोडली. चौकोनांना दोरा बांधून चिठ्ठी लावलीय: सुती, धुतलेलं, रंग पक्का.