सिस्टर, देऊन टाका!

नाईट ड्युटीला अडीच वाजता फोन वाजला आणि डॉक्टरसरांनी अर्धवट झोपेत तोंडी औषध सांगितलं, की तुम्ही लगेच ‘हो सर’ म्हणायचं. ‘परत सांगता का?’ विचारणारी सिस्टर अडाणी ठरते. ‘लिहिलंय ते वाचून दाखवते, बरोबर का सांगा’ म्हणणारी तर थेट उद्धट. आधी लिहावं, मग वाचून दाखवावं, मग होकार घ्यावा, अशी पद्धत आहे खरी. हॉस्पिटलांना मानांकन देणारे एनएबीएचवाले तपासणीला येतात त्या आठवड्यात ती लॅमिनेट करून भिंतीवर लावतातही. तिला तिथंच राहू द्या.

‘फिफ्टीन’ म्हणाले की ‘फिफ्टी’, एवढ्यासाठी सरांची झोप मोडू नका. सरासरी काढा. डोपामिन की डोब्युटामिन, अशी शंका आली तर जे आधी हाताला लागेल तेच सरांच्या मनात होतं असं समजा. ‘सात नंबरला द्या’ म्हटल्यावर पेशंटचं नाव विचारायचं नाही. सातवरचे आजोबा दुपारीच बाराला हलवलेत, हे सरांना कळवून त्यांचा गोंधळ कशाला वाढवायचा?

इन्सुलिनमध्ये तर कर्तृत्वाला फारच वाव. आपल्याकडच्या कितीतरी व्हायलमध्ये एका मिलिलीटरला 40 युनिट असतात, पेनमध्ये 100. सर ‘दहा द्या’ म्हणून मोकळे होतात. 40च्या इन्सुलिनसाठीची सिरिंज घेऊन 100चं इन्सुलिन दहाच्या खुणेपर्यंत ओढलंत, तर पेशंटला 25 युनिट जातात. सकाळी राऊंडला सर खूश होतील, शुगर काय झकास उतरलीय! पेशंट शुद्धीवर असलाच तर त्यालाही सांगतील.

‘पोटॅशियम देऊन टाका’ हे आणखी एक. किती सलाईनमध्ये मिसळून, किती तासांत, असले प्रश्न नकोत. ते सरळ शिरेत सोडलं तर हृदय बंद पडू शकतं, हे शिकवलं होतं ते परीक्षेपुरतं.

कोड ब्लू, म्हणजे हृदय बंद पडलेल्या पेशंटला वाचवायची धावपळ, चालू असताना किंवा सर ऑपरेशनच्या टेबलाशी हातमोजे घालून उभे असताना तोंडी ऑर्डर घ्यावीच लागते, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. (तेव्हाही मोठ्याने परत म्हणून दाखवायचं असतं, पण ते असो.) सरांचं मन मोठं, म्हणून त्यांनी ही सवलत लिफ्ट, कॅन्टीन आणि मेव्हणीच्या लग्नाच्या हॉलपर्यंत वाढवलीय. हल्ली व्हॉट्सॲपवर अंगठाही येतो, तुमच्या तीन प्रश्नांना मिळून एक.

राहिली सही. तोंडी ऑर्डरवर डॉक्टरांनी 24 तासांत सही करावी, असं बहुतेक ठिकाणच्या नियमांत असतं. ट्रीटमेंट शीट घेऊन सरांच्या मागे धावू नका, वाईट दिसतं. पेशंट बरा झाला तर ऑर्डर सरांचीच होती, त्यात सहीची गरज काय? आणि बिघडला तर ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ हेही ते तोंडीच सांगतील. लेखी खुलासा फक्त तुमच्याकडून मागतात, तोही तीन प्रतींत.