अ‍ॅव्हरेज पडलं, पण किती आणि कशामुळे?

कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एकच रडगाणं. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आलं आणि लिटरला ५० देणारी मोटरसायकल ३५ वर आली. म्हणजे थेट ३० टक्के! खाली लगेच अंगठ्यांची रांग.

राजेहो, जरा हिशेब तर करा. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. ते २० टक्के मिसळलं की एकूण घट ७ टक्क्यांच्या आसपास, तीही शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत. पण १० टक्के इथेनॉल तर आपण २०२२ पासून जाळतोच आहोत. म्हणजे तेव्हाच्या आणि आताच्या पेट्रोलमधला फरक उरला साडेतीन टक्के. ५० ची गाडी ४८ वर आली तर पटतं. ३५ वर आली असेल तर आधी मेकॅनिककडे न्या. चेन, ब्रेक, टायरमधली हवा, काही तरी बोंब नक्की असेल.

आणि मोजलं कसं, हेही सांगत जा ना भाऊ. कोणी २०० रुपयांचं टाकतो आणि काटा किती हलला त्यावरून निकाल देतो. कोणी जानेवारीतलं अ‍ॅव्हरेज मे महिन्याशी लावतो. आपल्या मे महिन्यात, ४५ डिग्रीत, कारचा एसी फुल ठेवून नागपुरातल्या वर्धा रोडच्या सिग्नलवर उभं राहिल्यावर कोणतंही पेट्रोल जास्तच जळणार. टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, पुन्हा त्याच पंपावर फुल करा. नोझल आपोआप बंद झाला की थांबा, राउंड फिगरसाठी अजून ओतायला लावू नका. अशा चार-पाच टाक्या झाल्या की मग बोलू.

पेट्रोलच्या भावाच्या वादातही हीच गत. "२०२१ मध्ये शंभरी पार झाली तरी खप वाढला, म्हणजे लोकांना भावाचं काही नाही," असं एक जण छातीठोकपणे लिहितो. अरे, एप्रिल २०२० मध्ये आपण घरात कोंडलेले होतो! त्याच्याशी तुलना केली तर खप वाढलेलाच दिसणार. त्याच एप्रिलच्या २० तारखेला अमेरिकेत कच्च्या तेलाचा वायदा (पुढच्या डिलिव्हरीसाठी आधीच ठरणारा भाव) शून्याखाली गेला होता, आणि मे महिन्यात आपल्याकडे केंद्राने पेट्रोलवरचा कर लिटरमागे १० रुपयांनी वाढवला. कच्चं तेल आणि पंपावरचा भाव यांच्या मधे कर बसलेला आहे, त्याला सोडून काढलेला निष्कर्ष हवेतलाच.

आता माझा राग कुठे आहे ते सांगतो. मोटरसायकलवाले सगळ्यात जास्त ओरडतात, पण खरा खड्डा कारवाल्यांच्या खिशाला पडतो. ५० चे ४८ झाले तर १००० किलोमीटरमागे लिटरही जास्त जात नाही. जुन्या कारचं मात्र ६-७ टक्के अ‍ॅव्हरेज घटेल, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलं आहे. शुद्ध पेट्रोलवर १५ देणारी कार धरा. १००० किलोमीटरला ६७ लिटरच्या जागी ७१-७२ लिटर लागतील. नागपूरच्या भावाने ते झाले साधारण ५०० रुपये. भाव लिटरवर घेतात, ऊर्जेवर नाही! ३० टक्क्यांची बोंब मारली तर लोक हसून मोकळे होतील. या ५०० रुपयांवर भांडा, पुरावा सरकारी कागदातच आहे.