थेट स्ट्रॅटोस्फिअरमधून: होतकरू उद्योजकांस काही सूचना

भाच्याच्या हट्टापायी नुकताच उत्तर गोव्यातील एका पठारावर पॅराग्लायडिंगसाठी गेलो असता, तेथील चालकाने भाच्याच्या छातीवरच्या पट्ट्याचे तुटलेले बक्कल नायलॉनच्या दोरीने ज्या सफाईने बांधले, ती पाहून माझी खात्री पटली की गोव्याने आता एवढ्याशा उंचीवर समाधान मानू नये. स्ट्रॅटोस्फिअरमध्ये, म्हणजे ढगांच्याही वरच्या विरळ हवेच्या थरात, फुगा पाठवून तेथून माणसे खाली सोडण्याचा धंदा आपल्या हातचा आहे. इच्छुकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

वाऱ्याचा बाऊ करू नये. ऑस्ट्रियाचा फेलिक्स बाउमगार्टनर 9 ऑक्टोबर 2012 रोजी अमेरिकेतील रॉसवेल येथे अशाच उडीसाठी फुग्याखालच्या बंद कॅप्सूलमध्ये बसून तयार होता, पण वारा उठताच उड्डाण रद्द झाले आणि 14 तारखेपर्यंत सगळे थांबून राहिले, कारण हेलियमच्या त्या अवाढव्य फुग्याचे प्लास्टिक जेमतेम 0.02 मिलिमीटर जाडीचे होते. असे थांबत बसल्यास हंगाम हातचा जाईल. वाऱ्याविषयी कोणी विचारलेच, तर आपले ठरलेले उत्तर द्यावे: ‘सर, टेन्शन मत लो, रोज का काम है.’

ग्राहकाने सही करायचा जबाबदारीचा फॉर्म इंग्रजीत, बारीक अक्षरांत छापावा आणि सही झाल्यावरच चष्मा शोधू द्यावा.

फुगा वारा नेईल तिकडे जातो. 2005 साली विजयपत सिंघानिया मुंबईहून गरम हवेच्या फुग्यातून 21,027 मीटरपर्यंत चढले आणि उतरले ते नाशिक जिल्ह्यात. आपल्याकडे एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला सह्याद्री असल्यामुळे ग्राहक कोठेही पडला तरी ‘सनसेट पॅकेज’ किंवा ‘दूधसागर पॅकेज’ यांपैकी एकाचे बिल करता येते.

ध्वनीपेक्षा अधिक वेगाचा व्यावहारिक लाभही ओळखावा. सुमारे 39 किलोमीटरवरून उडी घेतलेल्या बाउमगार्टनरने विरळ हवेत ताशी 1,357.6 किलोमीटर वेग गाठला, म्हणजे ध्वनीच्या सव्वापट. या वेगात ग्राहकाची तक्रार त्याच्या मागे पडते. खालच्या दाट हवेत वेग मंदावतो आणि तक्रार त्याला पुन्हा गाठते, म्हणून त्या सुमारास आपला मोबाईल बंद ठेवावा.

कॅप्सूलचा खर्च टाळायचा असल्यास अमेरिकेच्या ॲलन युस्टेस यांचे नाव घ्यावे. 24 ऑक्टोबर 2014 रोजी ते केवळ दाबयुक्त पोशाखात फुग्याखाली लटकून 41,419 मीटरपर्यंत गेले होते. त्यामागे सुमारे तीन वर्षांची तयारी होती, हे ग्राहकाला सांगण्याची गरज नाही.

आता पोशाख आणि पट्टे. सुमारे 19 किलोमीटरच्या वर हवेचा दाब इतका कमी असतो की शरीराच्या तापमानालाच पाणी उकळू लागते, त्यामुळे तेथे माणसाचा जीव शिवणीवर आणि काचेवर टिकून असतो. 1960 मध्ये अशाच उडीसाठी अमेरिकी हवाई दलाचे जोसेफ किटिंगर फुग्यातून वर चढत असताना त्यांच्या उजव्या हातमोज्यातील दाब गेला आणि हात सुजून काही काळ निकामी झाला. 1962 मध्ये सोव्हिएत संघाचे प्योत्र दोल्गोव्ह उडी घेताना त्यांच्या शिरस्त्राणाची काच तडकली, आणि ते जिवंत उतरले नाहीत. म्हणूनच पुढे अर्ध्या शतकानंतर बाउमगार्टनर दारात उभा राहण्यापूर्वी 84 वर्षांचे तेच किटिंगर जमिनीवरून रेडिओवर एकेक बाब वाचत होते: हे सोडा, ते जोडा, झाले का, सांगा. नळी, पट्टा, काच, एकही बाब गाळली नाही. आणि आमच्या पठारावर? मी बक्कलाकडे बोट दाखवले तेव्हा चालक हसला. हेल्मेट मागितले तेव्हा आधीच्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून काढलेले, हनुवटीचा पट्टाच नसलेले हेल्मेट पुढे आले. परवाना कोठे आहे, असे विचारले तर ‘शेठकडे’. शेठ कोठे? ‘म्हापशाला.’ पैसे मात्र जागेवर, रोख, आणि रविवार म्हणून जास्त!

या पोरखेळाला साहस म्हणायचे? जानेवारी 2025 मध्ये पेडण्यातील केरी येथे पॅराग्लायडिंग करताना पर्यटक तरुणी आणि तिच्यासोबतचा चालक, दोघेही गेले. त्या बातमीची शाई वाळली नाही तोच दोरीने बांधलेले बक्कल माणसाच्या छातीवर चढवणाऱ्याला लाज कशी वाटत नाही? नवे बक्कल एका गिऱ्हाइकाच्या पैशांत येते. पठारावर रांग लागते हे सगळ्या गावाला दिसते, ते तपासणीचा पगार घेणाऱ्यांनाच कसे दिसत नाही? आणि रांगेत उभे राहून, मी प्रश्न विचारतो म्हणून ‘काका, उजेड जाईल, लवकर आटपा’ असे ओरडणाऱ्यांनो, तुम्हीही काही कमी नाही. रिक्षावाल्याशी दहा रुपयांवरून हुज्जत घालता, आणि जेथे जीव टांगायचा तेथे तुम्हाला तोंड उघडायला संकोच वाटतो? विचारा. परवाना दाखव म्हणा, पट्टा ओढून पाहा, आणि तो हसला तर पैसे परत घेऊन पठार उतरा.