‘सूत्र प्रत्यक्षात जुळत नाही’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कपॅसिटर आणि कॉइलच्या टाइम कॉन्स्टंटच्या सूत्रांवरची तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण तुम्ही आकडे दिलेत, त्यामुळे उत्तरही आकड्यांनीच देता येईल. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात मांडतो. 9 व्होल्टचा रेग्युलेटेड सप्लाय, 1 मेगओहमचा रेझिस्टर आणि 10 मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर जोडून तुम्ही कपॅसिटरवर डिजिटल मीटर लावला. टाइम कॉन्स्टंट (रेझिस्टन्स ‘आर’ गुणिले कपॅसिटन्स ‘सी’; पुढे ‘टाउ’ म्हणतो) 10 सेकंद, म्हणजे दहाव्या सेकंदाला 63.2 टक्के, 5.69 व्होल्ट दिसायला हवे होते; दिसले 4.9. पाच मिनिटं थांबूनही आकडा 7.8 च्या पुढे सरकला नाही. रिलेच्या (कॉइलच्या चुंबकाने चालणाऱ्या स्विचच्या) कॉइलमधला करंट तर ‘कुठल्याच सूत्रात बसत नाही’. आणि रिले बंद करताना 12 व्होल्टच्या सर्किटात शेकडो व्होल्ट येतात, ही तुमच्या मते शुद्ध थाप. एकूण निकाल: ही सूत्रं पेपरात लिहिण्यापुरती.

तुमच्या मोजमापावर माझा पूर्ण विश्वास आहे. अडचण एवढीच की तुम्ही सूत्रात एक सर्किट घातलंत आणि टेबलावर जोडलंत दुसरंच.

आधी 7.8 व्होल्टचं बघू. बहुतेक बऱ्या डिजिटल मीटरचा डीसी व्होल्ट रेंजवरचा इनपुट रेझिस्टन्स 10 मेगओहम असतो. तो कपॅसिटरला समांतर बसला की सप्लायला 1 आणि 10 मेगओहमचा डिव्हायडर (व्होल्टेज वाटून घेणारी जोडी) दिसतो, आणि कपॅसिटर फार तर 9 × 10/11, म्हणजे 8.18 व्होल्टपर्यंतच चढू शकतो. (पुण्याच्या तपकीर गल्लीत स्वस्तात मिळतो तो पिवळा डीटी-830 वापरला असता तर त्याच्या 1 मेगओहममुळे आकडा 4.5 लाच अडकला असता, आणि तुमची प्रतिक्रिया याहून कडक आली असती.) उरलेला 8.18 ते 7.8 हा फरक कपॅसिटरच्या स्वतःच्या गळतीचा. तीही काढता येते. रेझिस्टरवर 1.2 व्होल्ट पडतात, म्हणजे त्यातून 1.2 मायक्रोअँपिअर जातोय. त्यातले 0.78 मीटर खातो. राहिले 0.42 मायक्रोअँपिअर, ते इलेक्ट्रोलिटिकमधून झिरपतात. 25 व्होल्ट रेटिंगच्या साध्या 10 मायक्रोफॅरडला डेटाशीटमध्ये सहसा 3 मायक्रोअँपिअरपर्यंत गळती माफ असते. तेव्हा तुमचा कपॅसिटर खराब नाही, उलट बराच सज्जन आहे. पुण्यातल्या एप्रिल-मेच्या दुपारी हाच प्रयोग केलात तर गळती आणखी वाढलेली दिसेल.

आता 4.9 व्होल्ट. इथे सूत्रातला ‘आर’ म्हणजे रेझिस्टरवरच्या रंगपट्ट्या नव्हेत. सप्लाय शॉर्ट धरून कपॅसिटरच्या दोन टोकांतून मागे पाहिलं की जो एकूण रेझिस्टन्स दिसतो, तो आर. तुमच्या सर्किटात 1 मेगओहम, मीटरचे 10 आणि गळतीचे सुमारे 18.6 (7.8 भागिले 0.42) हे तिन्ही समांतर. हिशेब होतो 0.867 मेगओहम. 4.9 ला 9 ने नाही, तर गाठायच्या 7.8 ने भागा: 62.8 टक्के. यावरून टाउ येतो 10.1 सेकंद, आणि त्यावरून कपॅसिटर 11.7 मायक्रोफॅरडचा. छापील आकड्यापेक्षा 17 टक्के जास्त. साध्या इलेक्ट्रोलिटिकला अधिक-उणे 20 टक्के सूट असतेच. म्हणजे आर कमी झाला, सी जास्त निघाला, दोन्ही चुका एकमेकींना जवळजवळ खाऊन गेल्या आणि टाउ योगायोगाने दहाच्या आसपास राहिला. बदललं ते शेवटचं व्होल्टेज.

हे पटत नसेल तर मीटर कपॅसिटरवरून काढून रेझिस्टरवर लावा आणि प्रयोग पुन्हा करा. कपॅसिटरच्या टोकांतून पाहिलं तर तिन्ही रेझिस्टन्स अजूनही समांतरच आहेत, म्हणून टाउ तोच राहील. पण आता मीटर चार्जिंगला मदत करतो, त्यामुळे कपॅसिटर साडेआठ व्होल्टच्या पुढे जाईल. मीटरवर आकडा 9 पासून उतरत दहाव्या सेकंदाला 3.6 च्या जवळ यावा आणि शेवटी 0.4 ते 0.5 वर थांबावा. तो उरलेला अर्धा व्होल्ट निव्वळ गळतीचा. याहून फार वेगळं दिसलं तर जरूर कळवा.

दोन प्रयोगांच्या मध्ये कपॅसिटर नीट रिकामा करा. दोन सेकंद वायरने शॉर्ट करून सोडला तर इलेक्ट्रोलिटिकवर थोड्या वेळाने काही व्होल्टेज आपोआप परत येतं, कारण डायइलेक्ट्रिकमध्ये (आतल्या इन्सुलेटरच्या थरात) मुरलेला चार्ज सावकाश बाहेर पडतो. मग पुढचा आलेख शून्यापासून सुरूच होत नाही. 1 किलोओहम लावून पाच-दहा मिनिटं तसाच ठेवा.

तुम्ही सुचवलेला ‘1000 मायक्रोफॅरड आणि 10 किलोओहम’ हा उपाय अर्धाच कामाचा. मीटरचा परिणाम 0.1 टक्क्यावर येईल, हे खरं. पण इलेक्ट्रोलिटिकची गळती साधारण कपॅसिटन्सच्या प्रमाणात वाढते. आर शंभरपट कमी, गळती शंभरपट जास्त. गळतीमुळे पडणारे व्होल्ट होते तिथेच. त्यातून सुटायचं असेल तर फिल्म कपॅसिटर घ्या. 1 मायक्रोफॅरडचा पॉलिएस्टर आणि 100 किलोओहम, टाउ 0.1 सेकंद. मीटर तेवढ्या वेगाने वाचता येणार नाही, स्कोप (ऑसिलोस्कोप) लागेल. प्रोब 10 एक्सवर ठेवा. 1 एक्सवर स्कोपचा इनपुट 1 मेगओहमचा असतो आणि 100 किलोओहमसमोर तो थेट 9 टक्के खातो. सिरॅमिक मात्र या कामाला नको. जास्त मायक्रोफॅरडच्या सिरॅमिक कपॅसिटरचा कपॅसिटन्स डीसी व्होल्टेज चढेल तसा घटतो, म्हणजे टाउ आलेखाच्या मधेच बदलत राहतो.

‘पाच टाउत पूर्ण चार्ज’ या वाक्यावरही तुम्ही बोट ठेवलंय. पाच टाउला 99.3 टक्के होतात, ‘पूर्ण’ कधीच होत नाही. पाच पुरे की नाही, हे पुढे काय जोडलंय त्यावर ठरतं. 10 बिटच्या एडीसीला (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या चिपला) अर्ध्या पायरीपर्यंत अचूक हवं असेल तर 7.6 टाउ थांबावं लागतं, 12 बिटला 9.

आता रिले. 12 व्होल्टचा, 400 ओहमचा ‘शुगर क्यूब’ (छोटा चौकोनी रिले) घेऊन तुम्ही एलसीआर मीटरवर 0.5 हेन्री इंडक्टन्स मोजला, टाउ (कॉइलसाठी इंडक्टन्स ‘एल’ भागिले आर) काढला 1.25 मिलिसेकंद, आणि स्कोपवर करंट चढता चढता मधेच खाली येऊन पुन्हा चढताना दिसला. तो खळगा म्हणजे आर्मेचर (रिलेतला हलता पत्रा) ओढलं जाण्याचा क्षण. पत्रा हलतो तेव्हा हवेची फट मिटते, इंडक्टन्स वाढतो आणि उलटं व्होल्टेज तयार होऊन करंटला क्षणभर मागे रेटतं. शिवाय कोअर (कॉइलचा गाभा) अखंड लोखंडाचा असल्याने 1 किलोहर्ट्झला मोजलेला इंडक्टन्स संथ बदलाला लागू पडत नाही. एल भागिले आर हे सूत्र एल स्थिर आहे असं धरूनच निघालंय. रिलेत तो स्थिर नसतो. आर्मेचर बोटाने दाबून धरून मोजलंत तर खळगा नाहीसा होईल. आवरण काढलेला रिले असेल तरच हे जमेल, आणि काँटॅक्टला मेन्स अजिबात जोडलेला नको.

सूत्र तपासायला 10 मिलिहेन्रीचा फेराइट चोक (फेराइटच्या गाभ्याची कॉइल) आणि 100 ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये घ्या. समजा चोकचा डीसी रेझिस्टन्स 25 ओहम आला. सिग्नल जनरेटरचे आतले 50 धरून एकूण 175. टाउ 57 मायक्रोसेकंद, 100 नव्हे. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये ‘थिअरेटिकल’ आणि ‘ऑब्झर्व्ह्ड’ रकाने जुळत नाहीत त्याचं मुख्य कारण हेच, आणि मग ऑब्झर्व्ह्डचा रकाना घरी बसून भरला जातो. 1 किलोहर्ट्झचा चौकोनी वेव्ह लावा. अर्धा पिरियड 500 मायक्रोसेकंद, जवळपास 9 टाउ. रेझिस्टर ग्राउंडच्या बाजूला ठेवा. स्कोपची ग्राउंड क्लिप आणि जनरेटरचं ग्राउंड आत एकच असतं, तेव्हा क्लिप मधल्या जोडावर लावली की खालचा भाग शॉर्ट. आणि करंटचा आलेख सपाट होण्याऐवजी वर वळू लागला तर कोअर सॅच्युरेट होतोय (त्याची चुंबकत्वाची मर्यादा गाठतोय), व्होल्टेज कमी करा.

राहिली ती ‘थाप’. तुमच्या रिलेत 30 मिलिअँपिअर वाहतात; 0.5 हेन्रीत साठलेली ऊर्जा 225 मायक्रोज्यूल. क्षुल्लक आहे. पण कॉइल चालवणारा ट्रान्झिस्टर बंद झाल्यावर ती कॉइल आणि वायरिंगच्या चोरट्या कपॅसिटन्समध्येच जाते. तो 100 पिकोफॅरड धरला तर हिशेब दोन हजार व्होल्टच्या वर जातो. प्रत्यक्षात कोअरमधले लॉस ते कमी करतात, आणि त्याआधीच काँटॅक्टवर ठिणगी पडते किंवा ट्रान्झिस्टर ब्रेकडाउनमध्ये जातो. बीसी547 या ट्रान्झिस्टरची मर्यादा 45 व्होल्ट आहे. ऊर्जा कुठूनही नव्याने आली नाही, ती फक्त फार लहान जागेत कोंबली गेली.

हे व्होल्टेज रोखायला कॉइलवर डायोड लावल्यावर रिले सुटायला उशीर लागतो, ही तुमची तक्रार मात्र अगदी रास्त आहे. 1एन4007 डायोड एकट्याने कॉइलवर 0.7 व्होल्टच उलटे लावतो, त्यामुळे करंट शून्यावर यायला 2.9 टाउ लागतात. एल स्थिर धरला तर 3.6 मिलिसेकंद. डायोडसोबत सिरीजमध्ये 24 व्होल्टचा झेनर (ठरावीक उलट्या व्होल्टेजला वाहू लागणारा डायोड) टाकलात, दोघांची तोंडं एकमेकांविरुद्ध ठेवून, तर हाच वेळ 0.4 टाउवर, अर्ध्या मिलिसेकंदावर येतो. ट्रान्झिस्टरला मात्र 12 अधिक 24.7, म्हणजे जवळपास 37 व्होल्ट सोसावे लागतील. बीसी547 ला ते चालतं. बीसी548 ची मर्यादा 30 च आहे, तो इथे लावू नका.