पावती आहे का?

"संगीत रंगभूमीची काय दशा करून ठेवलीये!"

मध्यंतरात वड्यांच्या रांगेत पुढच्या गृहस्थांचं हे वाक्य. बोलले बायकोशी, पण आवाज मागच्या सहा जणांना पुरेल इतका. आज ठाण्याला घाणेकर नाट्यगृहाच्या मिनी थिएटरला चारचा प्रयोग होता. दोन पुरुषांच्या संसारावरचं संगीत नाटक, हौशी पोरापोरींनी बसवलेलं. मी आणि वहिनी घोडबंदरच्या ट्रॅफिकला शिव्या घालत पोचलो. घरी येऊन कुकर लावला, तीन शिट्ट्या झाल्या, तरी ते वाक्य डोक्यातून जाईना.

दशा? अहो, 1921 सालच्या 'संयुक्त मानापमान' या संगीत नाटकाच्या प्रयोगात नायक धैर्यधर केशवराव भोसले आणि नायिका भामिनी बालगंधर्व. दोन पुरुष एकमेकांसाठी जीव ओतून गायले आणि जमलेला पैसा टिळक स्वराज्य फंडाला गेला. तेव्हा नाही बुडाली ती संस्कृती? हो, पात्र बाईचं होतं, मान्य. म्हणजे शालू नेसला की चालतं, लेंगा-शर्टात चालत नाही, एवढंच ना?

हे सगळं त्यांना तिथेच ऐकवायला हवं होतं. मी वडा घेतला आणि आत गेले.

जुन्या मित्रमंडळींना माझा बापूमामा आठवत असेल. नौपाड्यात दोन खोल्या, पांढराशुभ्र लेंगा, काळी दोनमध्ये नाट्यपदं. आणि साथीला पेटीकाका. पेटीकाका त्याच घरात राहायचे, तीसेक वर्षं. 'मामाचे मित्र' एवढं एकच उत्तर आम्हाला लहानपणी मिळालं आणि पुढे कोणी विचारलंही नाही. मामाला मेथीची भाजी लागायची आणि निवडायचे पेटीकाका, मांडीवर पेपर पसरून, एकेक पान.

आज नाटकात अगदी तेच. एक जण मेथी निवडतोय, दुसरा विचारतो, "लाइट बिल भरलंस का?" आणि त्यावरून द्वंद्वगीत सुरू. लोक आधी खिदळले. दुसऱ्या कडव्याला गप्प झाले. वहिनीने माझा हात धरला, कारण तिलाही तेच आठवलं होतं.

मामा 2014 साली गेला. आदल्या डिसेंबरातच सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 पुन्हा जिवंत केलं होतं. आयसीयूच्या दारात "नातेवाईक कोण?" असं विचारलं, तेव्हा आत गेला माझा भाऊ, ज्याने दोन वर्षांत मामाला फोन केला नव्हता. पेटीकाका जिन्यात डबा घेऊन बसले.

तेराव्यानंतर खोल्या रिकाम्या करायच्या ठरल्या. सामानाची यादी झाली. कपाट, पंखा, मिक्सर, पेटी. पेटीकाका म्हणाले, "पेटी माझी आहे." तर माझ्या घरातल्या एका शहाण्याने विचारलं, "पावती आहे का?"

काकांनी झाकण उघडलं. भाता सोडला, मधल्या सप्तकातली एक काळी पट्टी दाबली. ती वर आलीच नाही. मग त्यांनी ती करंगळीच्या नखाने अलगद उचलली. "ही अशी उचलावी लागते," म्हणाले, "तुमच्यापैकी कोणाला माहीत होतं?"

पेटी मिळाली त्यांना. खोल्या नाही मिळाल्या.

मी तिथेच होते. यादी माझ्याच अक्षरात आहे. 'पेटी' मीच लिहिलं होतं. रांगेतल्या त्या गृहस्थांवर एवढी का चिडलेय ते आता हे लिहिताना जरा कळतंय. ते निदान मोठ्याने बोलले.

"आता 377 गेलं ना, मग आता कसली रड?" असं कोणीतरी खाली लिहीलच. 2018 साली गेलं, हो. आणि 17 ऑक्टोबर 2023 ला समलिंगी लग्नाचं कोर्टाने नाही म्हणून सांगितलं. म्हणजे प्रेम करा, पण जिन्यात बसा.

जाऊ दे. नाटक काही ग्रेट नाही, हेही सांगते. अर्धा तास कापता येईल, आणि गाणी चक्क ट्रॅकवर! संगीत नाटक म्हणायचं आणि पेटीवाला नाही. पण त्या मेथीच्या गाण्यासाठी जा.

कुकर उतरवून पेटीकाकांना फोन लावला. एरवी दिवाळीला करते, तेवढाच. आता भाचीकडे असतात, बदलापूरला. पुढच्या रविवारी परत प्रयोग आहे, मी न्यायला येते म्हटलं. कशावर आहे, तेही सांगितलं, सरळ शब्दांत, आयुष्यात पहिल्यांदा.

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साथीला कोण आहे?"

"कोणी नाही काका, ट्रॅक आहे."

"ट्रॅक?" म्हणाले, "मग त्या पोरांचा नंबर दे आधी."