वहिनीची ओढणी, लेकीचा स्कर्ट

इंग्लंडमध्ये लीड्सला आल्यावरच्या पहिल्या दिवाळीला मी ऑफिसात जाहीर केलं, "उद्या मी ड्रेस घालून येणार." दुसऱ्या दिवशी मरून रंगाचा सलवार-कमीज आणि वर जरीची ओढणी अशी नटून गेले. शेजारच्या टेबलावरची बाई माझ्याकडे कौतुकानं बघत राहिली आणि मग म्हणाली, "सुंदर! पण तू तर ड्रेस घालणार होतीस ना?"

तिच्या लेखी ड्रेस म्हणजे खांद्यापासून गुडघ्यापर्यंत एकसंध कापड, आणि खाली पाय. आमच्या सांगलीत त्याला फ्रॉक म्हणतात आणि तो चौथी-पाचवीनंतर सुटतो. आमचा ड्रेस म्हणजे पंजाबी ड्रेस. दोन्ही पाय दोन नळ्यांत, घोट्यापर्यंत झाकलेले. तेव्हा नुसतं हसून सोडून दिलं. पण कपड्यांवरून घरच्या ग्रुपवर भांडण पेटलं की मला हा प्रसंग हमखास आठवतो.

शेवटचं मोठं भांडण मार्च २०२४ मधलं. राज्याच्या शालेय शिक्षण विभागानं शिक्षकांच्या पेहरावाचा जीआर काढला. बाईंनी साडी किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता आणि ओढणी घालायची. सरांनी शर्ट-पँट, शर्ट आत खोचलेला. जीन्स-टीशर्ट कोणालाच नाही. माझी वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ती काहीच बोलली नाही. बोलले ते बाकीचे. एका काकांना जीआर पोरांवरच्या संस्कारांसाठी आवश्यक वाटला, तर पुण्यातल्या मावसबहिणीला तो तालिबानी वाटला. आणि मग नेहमीप्रमाणे माझ्याकडे बघून कोणीतरी लिहिलं, "तुझं बरंय बाई, तिकडं कोणी काही बोलत नाही, कोणी बघत नाही."

याला मी तेव्हा अंगठ्याची इमोजी टाकून मोकळी झाले. आता नीट उत्तर देते.

बोलतात. २०१६ पर्यंत ब्रिटिश एअरवेजमध्ये २०१२ नंतर लागलेल्या हवाई सुंदरींना पँट घालायची परवानगी नव्हती. स्कर्टच. युनाइट ही त्यांची संघटना दोन वर्षं भांडली तेव्हा कुठे पँट मिळाली. जिंकल्यावर संघटनेनं समानतेचं नाव घेतलंच, पण सोबत हेही सांगितलं की आता थंडी-बर्फात कुडकुडायला नको आणि मलेरिया, झिकाच्या देशांत डासांपासून पाय वाचतील. मला तो डास फार आवडला. एवढ्या मोठ्या तत्त्वाच्या लढाईत तो कसा अगदी वेळेवर हजर झाला!

आणि बघतातही. स्कर्टखालून चोरून फोटो काढणं हा इंग्लंडमध्ये स्वतंत्र गुन्हा व्हायला २०१९ साल उजाडावं लागलं. जीना मार्टिन नावाच्या मुलीचा असा फोटो २०१७ मध्ये लंडनमधल्या एका मैफिलीत काढला गेला. पोलिसांना फारसं काही करता येईना, म्हणून ती कायद्याच्याच मागे लागली. आता दोन वर्षांपर्यंत तुरुंग आहे. माझी लेक शाळेत स्कर्टखाली सायकलिंगची तंग चड्डी घालते. तिच्या बहुतेक मैत्रिणीही घालतात. ही कोणत्याही गणवेशाच्या यादीत नाही, पण आया बरोबर घेऊन देतात. तेव्हा "तिकडं कोणी बघत नाही" हे सांगलीहूनच तसं दिसतं.

फरक आहे, पण तो वेगळाच. इथल्या मोजपट्टीवर स्कर्ट हा रीतीचा कपडा आणि पँट ही बंडखोरी. आपल्याकडे नेमकं उलटं. पाय दिसतो म्हणून स्कर्ट धाडसाचा, आणि सलवार, जी कुठूनही बघितली तरी विजारच आहे, ती जीआरमध्ये साडीच्या शेजारी मानानं बसलेली. ही सलवारही काही सुरुवातीपासून सोज्वळ नव्हती. आईनं लग्नानंतर पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला तेव्हा आजीनं दोन दिवस तिच्याशी धड बोलणं केलं नाही. बँकेतल्या बायका, मग शिक्षिका, मग साध्या गृहिणी अशा पायऱ्या चढत तो ड्रेस शालीन झाला. यात लुना आणि स्कूटीचा वाटा कोणी मोजत नाही. एका अंगाला पाय टाकून मागे बसायचं तर साडी चालते. गाडी स्वतः चालवायची म्हटलं की ओचा चाकात जायची भीती.

आणि आजी बोलली नाही खरी, पण तिची स्वतःची नऊवारी काय होती? कासोटा मागे खोचला की तीही दोन पायांचीच. भात लावायला, मासळीची पाटी घेऊन चालायला, ओढ्यातून घागर आणायला सोयीची. घोट्याभोवती गोल फिरणारी सहावारी नंतर आली, शहरातून, शिकलेपणाचं लक्षण म्हणून. म्हणजे आपल्याकडे बायकांनी आधी दोन पायांचं सोडून गोल धरलं आणि मग गोल सोडून पुन्हा दोन पायांचं.

इकडे १८९८ मध्ये लेडी हार्बर्टन ही खानदानी बाई सायकलवरून सरे परगण्यातल्या ऑकहॅम गावी गेली. अंगात ढगळ विजार. हॉटेलच्या मालकिणीनं तिला कॉफीच्या खोलीत बसू दिलं नाही, दारू प्यायच्या खोलीकडे बोट दाखवलं. सायकलवाल्यांच्या संघटनेनं मालकिणीला कोर्टात खेचलं आणि हरले. दुसरी खोली देऊ केली होती ना, मग झालं. त्याच साली कोकणात किती बायका कासोटा मारून चिखलात उभ्या असतील, आणि त्यांना विजारीच्या हक्काबद्दल कोणी विचारलं असतं तर त्या किती हसल्या असत्या, असं मनात येतं. (त्या बायांना बाकीचे हक्क किती होते हा प्रश्न वेगळा. नऊवारीचा फार अभिमान सांगणाऱ्यांनी तो विचारावा.)

इथल्या शाळांमध्ये तर गोंधळ आणखी मजेशीर. जून २०१७ च्या उकाड्यात एक्झेटरच्या एका शाळेनं मुलांना अर्ध्या चड्डीची परवानगी नाकारली, तर तीसेक मुलगे सरळ बहिणी-मैत्रिणींचे स्कर्ट घालून हजर झाले. आणि २०१९ मध्ये लुईस गावात शाळेनं समानतेच्या नावाखाली सगळ्यांना पँट सक्तीची केली, तेव्हा मुली स्कर्टसाठी फाटकाबाहेर निदर्शनाला उभ्या. पँटसाठी जे भांडले ते पुरोगामी असं मानणाऱ्या माझ्यासारखीला हे पचायला वेळ लागला.

कारण घरातच तसं घडत होतं. लेक सातवीत गेली. गणवेशाच्या यादीत स्कर्ट किंवा पँट, जे हवं ते. मी उत्साहानं दोन पँटी आणल्या. तिनं स्कर्ट मागितला. मला वाटलं, मैत्रिणींचं बघून असेल, नटायचं वय आहे. थोडं भाषणही दिलं. ती म्हणाली, "आई, पावसात पँटचे पाय खालून भिजतात आणि दिवसभर ओले राहतात. स्कर्टखालच्या टाइट्स पहिल्या तासाला वाळतात." लीड्सच्या पावसात चौदा वर्षं पँटचे ओले काठ फरफटत चाललेल्या माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं.

मी पँट घालते ती खिशासाठी. ऑफिसचं कार्ड, किल्ली, फोन. इथं एखादीच्या ड्रेसचं कौतुक केलं की ती आधी हात आत घालून दाखवते, "आणि याला खिसे आहेत!" पाळीच्या दिवसांत काळी पँट, गुडघा दुखतो तेव्हा लांब स्कर्ट, कारण घट्ट पँट ओढून चढवायला नको. मांड्या घासतात म्हणून उन्हाळ्यात पुन्हा पँट. सकाळी सात वाजता कपाटासमोर उभी असताना माझ्या डोक्यात ना संस्कृती असते ना मुक्ती. इस्त्री केलेलं काय आहे एवढंच असतं.

हे मी वहिनीला फोनवर सांगत होते. म्हटलं, "वहिनी, तुम्ही ग्रुपवर एक अक्षर बोलला नाहीत. खरं सांगा, जीन्स घालायची होती का?"

"छे गं. उन्हाळ्यात कोण घालतंय जीन्स? पण ओढणी सांभाळत फळ्यावर लिहायचं, एका हातात डस्टर, दुसऱ्या हातात खडू, आणि फोन कुठं ठेवायचा?"

"मग?"

"मग काय. शिंप्याकडून पाचही कुर्त्यांना उजव्या बाजूला खिसे शिवून घेतले. जीआरमध्ये खिशाबद्दल काही नाहीये, मी वाचलाय."